अव्वा हरवली त्या दिवशीचं ट्रेनिंग

ट्रेनिंग हा शब्द कानावर पडला की माझं डोकं फिरतं. शिकण्याला माझी ना नाही. इतकी वर्षं खाकी अंगावर आहे, अजून रोज काहीतरी नवीन शिकतेच. राग आहे तो ट्रेनिंगला कुणी जायचं हे ज्या रीतीनं ठरतं, त्या रीतीचा. वरून कागद येतो, 'एक कर्मचारी पाठवावा.' आमचे साहेब तो कागद बाजूला सारून सगळ्या ठाण्यावरून नजर फिरवतात. ज्याच्याकडं तपास आहे त्याला सोडता येत नाही. ज्याची कोर्टात साक्ष आहे त्याला सोडता येत नाही. जो साहेबांची गाडी चालवतो त्याला तर देव आला तरी सोडता येत नाही. मग नजर फिरत फिरत महिला मदत कक्षाच्या टेबलावर येते आणि तिथं मी बसलेली असते.

"मॅडम, तुम्हीच जावा की. तेवढाच चेंज."

चेंज म्हणे! अशानं मी सायबरच्या ट्रेनिंगला जाऊन आले, पुराच्या जाऊन आले, बालकांच्या हक्कांच्या जाऊन आले. तणावमुक्तीच्या ट्रेनिंगला गेले तेव्हा घरी पाहुणे, ठाण्यात बंदोबस्ताची गडबड, आणि तिथं एक बाई आम्हाला डोळे मिटून समुद्र बघायला सांगत होती. मला काही समुद्र दिसला नाही. घरातला गॅस चालू राहिलाय का, एवढंच डोळ्यांपुढं येत होतं.

हे ट्रेनिंग मात्र सगळ्यांवर कडी. आसपासच्या जिल्ह्यांचे पोलीस, जंगल खात्याचे, दारूबंदीचे, रेल्वेचे असे सगळे एकत्र, आणि त्यात भर म्हणून सीमेपलीकडचे कर्नाटकचे पोलीससुद्धा. जागा कोल्हापुरातली, म्हणजे यजमान आम्ही. भाजीत मीठ कमी पडलं तरी लोक माझ्याकडं बघायचे, जसं काही पहाटे उठून मीच फोडणी घातली होती. विषय होता हद्द.

हद्द म्हणजे काय, हे खात्याबाहेरच्या माणसाला सांगायला पाहिजे. प्रत्येक ठाण्याला आपापला मुलूख वाटून दिलेला असतो. ओढ्याच्या अलीकडं तुमचं, पलीकडं त्यांचं. त्याच्या बाहेर काही घडलं की ते आपलं नव्हे. आणि अंगावरचं काम दुसऱ्याच्या गळ्यात जात असेल तर कुणाला नकोय? म्हणून आमच्यात एक सवय पडून गेलीय. रडत-भेकत कुणी दारात आलं तर जगातला कुठलाही माणूस विचारेल, "काय झालं?" आम्ही विचारतो, "कुठं झालं?" काय झालं ते नंतर. 'कुठं'चं उत्तर सोयीचं मिळालं तर 'काय' ऐकायची वेळच येत नाही, पुढच्या ठाण्याचा रस्ता दाखवून मोकळं होता येतं. आता नव्या कायद्यानं बजावून सांगितलंय की बाबांनो, असं करू नका. हद्द कुणाचीही असो, तक्रार आधी घ्या, शून्य नंबरनं लिहा, मग ज्याची त्याला पाठवून द्या. झालं, संपला विषय. शाळेतल्या पोराला सांगितलं तर त्याला कळेल. आम्हाला कळावं म्हणून दोन राज्यांचा मांडव घातला होता.

शिकवायला पुण्याहून एक व्याख्याते आले होते. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. तरुण, हसरा, बाह्या दुमडलेला. पण पोलिसांना आजवर कुणी हसवलंच नाही आणि ते काम देवानं आपल्यासाठी राखून ठेवलंय, असं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं. आल्या आल्या त्यानं आम्हाला गोल उभं केलं आणि प्लास्टिकचा एक चेंडू फेकला. ज्याच्या हातात चेंडू येईल त्यानं आपलं नाव आणि आवडती भाजी सांगायची. पोट सुटलेले फौजदार "वांगं" म्हणून चेंडू पुढं टोलवत होते. माझ्याकडं आला तेव्हा मी म्हटलं, "कुठली बी चालती. आयती मिळाली म्हंजे झालं."

सगळे हसले. त्याला वाटलं, आपला तास रंगला.

हॉलच्या दारात एक प्लास्टिकची बुट्टी ठेवली होती. आत येताना मोबाईल त्या बुट्टीत टाकायचा आणि जेवणाच्या सुट्टीत काढून घ्यायचा. का, तर लक्ष विचलित होऊ नये. एवढ्या सगळ्या पोलिसांचे फोन दारात बुट्टीत घरघरतायत आणि आम्ही आत बसून दोन राज्यांचा समन्वय शिकतोय! मी तेव्हाच म्हटलं होतं, हे काही बरं न्हवं. पण बाईनं काही म्हटलं की ते कुरकुर असतं आणि पुरुषानं म्हटलं की सूचना. शिवाय समन्वयासाठी दोन्हीकडच्या सगळ्या ठाण्यांचा व्हॉट्सॲपचा एक ग्रुप काढला होता. त्यावर सकाळी गुलाबाची फुलं यायची, संध्याकाळी सुविचार यायचे. समन्वय काही कुणाला दिसला नाही.

माझ्या शेजारच्या खुर्चीत सीमेपलीकडचा एक हवालदार बसायचा. माझ्याच वयाचा, मिशा पिकलेला, कानडी आणि मराठी एकाच ताटात कालवून बोलणारा. मला अक्का म्हणायचा, मी त्याला पावणं म्हणायचे. गप्पिष्ट माणूस. पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी त्यानं नदीची गोष्ट सांगितली. ही गोष्ट पोलिसांत सगळ्यांना येते, फक्त नदीचं नाव बदलतं. पुराच्या पाण्यातनं प्रेत वाहत आलं. या काठाला लागलं की या ठाण्याचं काम, त्या काठाला लागलं की त्या ठाण्याचं. मग अलीकडचे बांबूनं ढकलून पलीकडं लावतात, आणि पलीकडचे जेवणं उरकून परत अलीकडं.

"आम्ही तर अक्का, बांबू जपून ठेवलेला. त्यो आमच्या ठाण्याचा सगळ्यात जुना कर्मचारी बघा!"

चहाचे कप हातात घेऊन सगळे खदाखदा हसले. मीही हसले. खोटं कशाला बोलू, सांगायची ढबच अशी होती त्याची.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. तो सकाळी जरा उशिरा आला. अव्वाला, म्हणजे आईला, गाडीत बसवून आलो म्हणाला. गल्लीतल्या बायका दत्ताच्या दर्शनाला नृसिंहवाडीला निघाल्या होत्या, त्यांच्याबरोबर तिला लावून दिलं होतं. "लई विसराया लागलीया अलीकडं," तो म्हणाला. "कधी मला वळखती, कधी मला माझ्या अप्पाच्या नावानं हाक मारती. आणि कधी म्हणती, पोरगं शाळेतनं यायचं झालं, भाकरी टाकू दे. मीच की ते पोरगं! पण वाडी म्हटलं की खुलती. बायका हायत बरोबर. काय व्हत न्हाय."

मग आम्ही फोन बुट्टीत टाकले आणि आत जाऊन बसलो. सकाळभर पडद्यावर नकाशे बघितले. व्याख्याते लाल लेझर फिरवत सांगत होते, "नागरिकाला हद्द नसते, मित्रांनो. हद्द आपल्या मनात असते." हे वाक्य लोकांनी वहीत उतरवून घेतलं.

जेवणाच्या सुट्टीत बुट्टीभोवती झुंबड उडाली. पावण्यानं आपला फोन काढला, बघितला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. गल्लीतल्या बायकांनी सकाळपासून फोनवर फोन केले होते. त्यानं परत लावला, दोन मिनिटं नुसतं ऐकलं, आणि मग माझ्याकडं आला.

"अक्का, अव्वा हरवली री."

घाटावर गर्दी होती. बायका पाण्यात उतरल्या, अव्वा पायरीवर बसली होती. वर येऊन बघतात तर पायरी रिकामी. देऊळ शोधलं, दुकानं शोधली, चपलांचे ढीग शोधले. नाही म्हणजे नाहीच. सांगता सांगता तो मध्येच थांबला आणि म्हणाला, "नदीत तर न्हाय न्हवं अक्का?" बांबूची गोष्ट त्याच्याही डोक्यात आली होती आणि माझ्याही. दोघंही एकमेकांकडं बघेनात. मला त्या हसण्याची तेव्हा लाज वाटली.

ट्रेनिंगचे प्रमुख आमच्याकडचे एक साहेब होते. दोघं मिळून त्यांच्याकडं गेलो. साहेब मठ्ठा पीत होते. मी म्हटलं, "साहेब, ह्यांची आई हरवलीया."

साहेबांनी ग्लास खाली ठेवला. चेहरा खरोखर गंभीर झाला. आणि ते म्हणाले, "कुठनं हरवली?"

बघा! तोवर आजूबाजूचे चार-पाच जण जमले होते. त्यांतला एक म्हणाला, "घाटावरनं का स्टँडवरनं?" दुसरा म्हणाला, "राहणार कुठली?" कर्नाटकचे एक निरीक्षक ताट हातात घेऊनच आले. त्यांचं म्हणणं, हरवली महाराष्ट्रात, तर नोंद महाराष्ट्रात व्हायला पाहिजे. आमच्यातले एक फौजदार म्हणाले, राहणार तिकडची, नातेवाईक तिकडचे, फोटो-आधार सगळं तिकडं, तर तिकडंच दाखल करणं सोयीचं. मी म्हटलं, "अहो, सकाळपास्नं काय शिकतोय आपण? शून्य नंबर!" तर एक जण मला समजावून सांगायला लागला की मॅडम, शून्य नंबर गुन्ह्याला, हरवणं हा गुन्हा नव्हे. जंगल खात्यातला एक गार्ड हसत म्हणाला, "गवा शहरात शिरला की आमचं बी असंच हुतंय. तो ऊस खाऊन जातो तवर आम्ही कुणाच्या रेंजचा ते ठरवतोय."

ज्याची आई हरवली तो मध्ये उभा होता आणि ज्यानं जे विचारलं त्याला उत्तर देत होता. आधी सांगितलेलं परत सांगत होता. उंची किती, रंग कसा, लुगडं कुठलं. आयुष्यभर तो काउंटरच्या आतल्या बाजूला बसला. आज बाहेरच्या बाजूला उभा होता आणि हात जोडायचे तेवढे राहिले होते.

तेवढ्यात व्याख्याते आले. काय झालं ते ऐकलं. त्यांचे डोळे चमकले. मी म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच वाटलं की आपण मदत करतोय.

"थांबा, थांबा! सगळ्यांनी आत चला. ही आपली लाईव्ह केस आहे. आपण इथंच सोडवू या."

आणि मंडळी, आम्ही फोन परत बुट्टीत टाकून आत गेलो. सुशिक्षित, प्रशिक्षित, दोन राज्यांचे पोलीस आत गेले आणि गट पाडून बसले. एका गटाला महाराष्ट्र, एका गटाला कर्नाटक, तिसऱ्याला इतर विभाग. प्रत्येकाला चार्टपेपर आणि स्केचपेनं. हिरवं नको, लाल द्या, असा त्यावर एक वाद. पावण्याला पुढं खुर्ची दिली. तो तक्रारदार. "तुम्ही सामान्य नागरिक आहात असं समजा," व्याख्याते त्याला म्हणाले, "आणि गटांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं द्या." तो खरंच बसला हो! खात्यात माणूस इतकी वर्षं 'जी साहेब' म्हणतो की आई हरवली तरी बस म्हटलं की बसतो. एका चार्टवर नदी काढली होती. नदीला निळा रंग भरणं चालू होतं.

माझी सटकली.

मी उठले आणि त्या चार्टवरचं स्केचपेन उचलून खिडकीतनं बाहेर फेकलं. म्हटलं, "म्हातारी हरवलीया, चार्ट न्हाय हरवला! लाज वाटाय पाहिजे सगळ्यांला. एवढी खाकी एका जागी बसलीया, एकानं तरी कुठं एक फोन लावलाय का?" व्याख्याते म्हणाले, "मॅडम, तुमच्या भावना समजू शकतो." मी म्हटलं, "भावना ऱ्हाऊ द्या, त्या बुट्टीतला फोन द्या." आणि पावण्याचा हात धरून त्याला खुर्चीतनं उठवलं.

दारात प्रमुख साहेब आडवे आले. ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "मॅडम, जाताना हजेरीचं थंब करून जावा. नाहीतर दोघांचं ट्रेनिंग बाद होतंय, परत यायला लागेल." मी अंगठा असा दाखवला की तो मशीनला होता की साहेबांना, ते त्यांनीच ठरवावं.

बाहेर पायरीवर बसून आधी मी त्या समन्वयाच्या ग्रुपवर अव्वाचा फोटो टाकला. पावण्याच्या फोनमधला, सणाच्या दिवशी काढलेला, कपाळावर मोठं कुंकू लावलेला. मला वाटलं, एवढे पोलीस आहेत ग्रुपवर, कुणीतरी आपल्या भागात पुढं पाठवेल. खाली लिहायला घेतलं, लिहून होईतोवर आधी हात जोडलेलं एक चित्र आलं. मग आणखी हात जोडलेले. मग कुणीतरी टाकलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याच्या मागनं धडाधड श्रद्धांजल्या सुरू झाल्या, फुलांसकट. म्हातारीचा फोटो आला म्हणजे म्हातारी गेली, वाचायचं कशाला! पावणा माझ्या खांद्यावरनं बघत होता. मी फोन उलटा केला आणि आई-बहिणीवरनं नाही, पण त्याच्या जरा अलीकडच्या सगळ्या शिव्या दिल्या.

मग मी केलं ते काही फार हुशारीचं नव्हतं. काउंटरवरची माणसं माझ्या ओळखीची, तेवढंच. वाडीच्या बाजूला एक चौकी आहे, तिथं फोन लावला.

"म्हातारी? कानडी बोलणारी? व्हय की, आलती. एका फूलवालीनं आणून सोडली. कुठल्या गावची इच्यारलं तर कागलच्या पल्याडचं कसलं तरी नाव सांगत हुती. आमच्यातली न्हवती. मग बसीवली की कागलच्या एस्टीत. कंडक्टरला सांगितलंय नीट. चहा बी पाजला, मॅडम."

जिवंत होती! पावण्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला त्या चहा पाजणाऱ्याला फोनमधनं ओढून बाहेर काढावंसं वाटलं, पण आधी पुढचं बघायला पाहिजे होतं. कागलच्या एस्टीतनं उतरलेलं माणूस कंडक्टर कुठल्या ठाण्यात आणून सोडेल, ते मला चांगलं ठाऊक होतं. कारण त्या ठाण्यात मी रोज बसते.

आमच्या ठाणे अंमलदारानं फोन उचलला. काउंटरवर बसतो, माझ्या डब्यातली चटणी खातो, चांगला पोरगा.

"हां मॅडम, आलती की. तुमच्याच टेबलाजवळ बसलीती. तुम्ही न्हाईसा, मग कानडी कुणाला कळतंय? म्हायेरचं गाव सांगत हुती, बापाचं नाव सांगत हुती. पोरगं शाळेत हाय म्हणाली. आता एवढ्या म्हातारीचं पोरगं शाळेत? डोक्यानं गेलीया बघा. गाव काय आपल्या हद्दीतलं न्हवतं. जीप चाललीती सीमेपल्याड, तिच्यात बसीवलं. चांगली हाय वो म्हातारी, मला वाडीचा पेढा दिला तिनं."

"खाल्लास?"

"व्हय. परसाद हाय म्हटलं."

मी फोन ठेवला. माझं टेबल. महिला मदत कक्ष अशी पाटी आहे त्याच्यावर, पाटी मीच नवीन करून घेतलेली. मी तिथं असते तर? मी कानडी थोडं समजते, मी विचारलं असतं. पण मी कुठं होते? त्या म्हातारीला पुढं ढकलू नये, हे शिकायला मला तिथनं उठवून इथं बसवलं होतं.

पुढचा फोन पावण्यानं लावला, सीमेपलीकडच्या ठाण्याला. कानडीत चाललेलं, पण कळायला भाषा लागत नव्हती. आधी त्याचा आवाज चढला, मग एकदम बसला. फोन ठेवून तो म्हणाला, "म्हायेरचं गाव सांगितलं, ते त्यांच्या हद्दीत न्हाय, आणि म्हाराष्ट्राच्या जीपमधनं आली म्हणून म्हाराष्ट्राची समजले. कोल्हापूरच्या गाडीत बसवून दिली म्हणत्यात. चहा दिला म्हणत्यात." मग म्हणाला, "अक्का, तिथनं माझं घर दिसतंय. ठाण्यातल्या टाकीवर चढलं की माझं घर दिसतंय."

मी स्कूटर काढली. मागं पावणा बसला. पुढचं सगळं शहर आमच्या अंगावर आलं. पौर्णिमेचे भाविक, शाळा सुटलेली पोरं, उसाची ट्रॉली, चौकात उभा असलेला आमचाच एक ट्रॅफिकवाला, त्यानं सलाम ठोकला तर मी त्याच्यावरही खेकसले. सगळ्या रस्त्यात मी बडबडत होते. साहेबांना, व्याख्यात्याला, त्या निळ्या नदीला, आमच्या अंमलदाराला. पावणा मागनं एकदाच म्हणाला, "अक्का, मी बी असंच केलं असतं. चहा पाजला असता आणि बसवली असती." मी म्हटलं, "गप बसा आता." कारण त्याचं बरोबर होतं आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

बसस्टँडवर सीमेकडून येणाऱ्या गाड्या एका टोकाला लागतात. तिकडं आम्ही पळत गेलो. गाडी येऊन उभी होती, रिकामी. कंडक्टर खाली तंबाखू मळत होता. त्यानं आमच्या खाकीकडं बघून हातानंच दाखवलं, तिकडं.

अव्वा बाकड्यावर बसली होती. हिरवं लुगडं, कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत आलेलं. मांडीवर एक बोचकं, त्याला दोन्ही हातांनी धरलेलं. पाय जमिनीला टेकत नव्हते. इतकी लहान दिसत होती ती. कुणाकडं बघत नव्हती, रडत नव्हती, काही विचारत नव्हती. रांगेत नंबर येईपर्यंत माणूस बसतं, तशी बसली होती.

पावणा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. पट्टा, टोपी, बिल्ला, सगळं अंगावर.

तिनं आधी त्याचे बूट बघितले, मग वर बघत बघत शर्ट बघितला. तोंडापर्यंत तिची नजर गेलीच नाही. खाकी दिसल्याबरोबर ती पटकन बाकड्यावरनं उतरली, बोचकं काखेत मारलं, पदर सारखा केला आणि निघायच्या तयारीनं उभी राहिली.

"याव गाडी री, साहेब्र?"

आता कुठली गाडी, साहेब? तेवढंच विचारलं तिनं. तक्रार नव्हती. दिवसभरात तिला एवढं कळलं होतं की खाकी आली म्हणजे उठायचं आणि दाखवतील त्या गाडीत बसायचं.

तो "अव्वा, अव्वा" म्हणत होता, कानडीत आपलं नाव सांगत होता, घरचं काहीबाही सांगत होता. ती नुसती मान हलवत होती आणि त्याच्या पलीकडं उभ्या गाड्यांकडं बघत होती, यातली आपली कुठली ते. तिनं बोचक्यातनं पेढ्याचा पुडा काढला आणि त्याच्यापुढं धरला, चहा देणाऱ्या सगळ्या साहेबांपुढं धरला तसा.

मग त्यानं टोपी काढून बाकड्यावर ठेवली. पट्टा सोडला. आणि भरलेल्या स्टँडवर, लोक बघत असताना, शर्टाची बटणं काढायला लागला. एक बटण तुटून खाली पडलं. शर्ट काढून त्यानं चुरगाळून बाकड्याखाली टाकला आणि बनियनवर तिच्यासमोर फरशीवर बसला. तिनं बराच वेळ त्याच्याकडं बघितलं. मग बोचकं खाली ठेवलं आणि हळूच बाकड्यावर परत बसली. पुढं ते काय बोलले मला माहीत नाही.

मी पुढं गेलेच नाही. माझ्या अंगावर खाकीच होती. मला बघून ती परत उठली असती, म्हणून मी लांबच, एका गाडीच्या आडोशाला, ते दोघं निघेपर्यंत उभी राहिले.